सोळावं चित्र

व्यंकू, तुझ्या दहाव्याला मी आलो नाही. करकंबला जायला गाडी मिळाली नाही, असं मी पेठेत सांगितलं आणि लोकांनी ते खरं मानलं. तुला म्हणून सांगतो, गाडी होती. मी आलो असतो तर तुझ्या अक्कासमोर, तुझ्या भावकीसमोर तुला शिव्या घातल्या असत्या. माझं तोंड तुला ठाऊक आहे, एकदा सुटलं की आवरत नाही. म्हणून इथं छापखान्यात बसून लिहितोय. निदान आज तू मला मधेच तोडणार नाहीस.

लोक येतात, बसतात, हळहळतात. म्हणतात, लई हसरा माणूस हो, कुणाचं मन म्हणून दुखवलं नाही. मी मान हलवतो. मनात म्हणतो, मला विचारा की. मग ते विचारतात, तुमचं पुस्तक संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत येणार होतं ना, त्याचं काय झालं. जत्रा तोंडावर आली आहे. पंधरा चित्रांचे छाप माझ्या पाठीमागच्या फळीवर रचून ठेवलेत आणि सोळावं नाही. ते का नाही, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आज तुला सांगतो, आणि पहिल्यापासून सांगतो, तुला ठाऊक असलेलंसुद्धा. तू काय करून ठेवलंस ते एकदा सलग ऐकून घे.

तू पहिल्यांदा आलास तो लुगड्याच्या काठाची नक्षी छापून घ्यायला. साखर पेठेतला पद्मसाळी विणकर, घरात तेलुगू, बाजारात मराठी, आणि चिडलास की दोन्ही एकदम. माझा छापखाना शिळाछापाचा. गुळगुळीत दगडावर चरबीच्या शाईनं चित्र काढायचं, त्यावर शाईचा रूळ फिरवायचा, वर कागद दाबायचा. गिरण्यांच्या धोतरजोड्यांवर डकवायची रंगीत लेबलं हे आमचं पोटापाण्याचं काम. दगडावर सगळं उलटं काढावं लागतं, तेव्हा कुठं ते कागदावर सुलटं उतरतं. माझ्याकडचे चित्रकार समोर आरसा ठेवून काढायचे आणि तरी देवीच्या उजव्या हातातली तलवार डाव्या हातात जायची. तू आरसा बाजूला सारलास. "मागावर आमी उलट्या बाजूनंच बघतो की," म्हणालास, आणि तासाभरात मोर उतरवलास. मी त्याच दिवशी तुला म्हटलं, उद्यापासून इथं ये. तू माग सोडला नाहीस. सकाळी माग, दुपारनंतर छापखाना, अशी नऊ वर्षं काढलीस.

आल्यापासून पंधरा दिवसांत पहिला दणका दिलास. माझ्या वडलांनी लढाईच्या आधी जर्मनीहून मागवलेला मोठा दगड, दोघांनी उचलावा असा, त्याला मी कुणाला हात लावू देत नव्हतो. दुपारी जेवून परत येतो तर त्याच्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत भेग. मी खालीच बसलो. वडील दुसऱ्यांदा गेले असं वाटलं. तू शांतपणे टर्पेंटाइनचं फडकं आणलंस, भेगेवरनं फिरवलंस आणि भेग पुसून टाकलीस. बारीक ब्रशनं काढली होतीस. कडेचे दोन टवके उडालेलेसुद्धा दाखवले होतेस. मी तुला म्हटलं, मेल्या, माझं काळीज थांबलं असतं. मेल्या हा शब्द माझ्या तोंडात तुझ्यासाठी कायमचा बसला. आता तो म्हणवत नाही, हेही तुझ्यामुळंच.

चार दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी तू एक कागद माझ्यापुढं सरकवलास. त्यावर एक माळढोक, लांब मान, फुगलेली छाती, भेग पडलेल्या दगडाशेजारी बसून गळा काढतोय. त्याची चोच थेट माझ्या नाकासारखी. शेजारी एक मुंगूस तोंडावर हात दाबून हसतोय, त्याचे मिचमिचे डोळे तुझे. मी चिडायचं ठरवलं होतं, पण ते जमलं नाही. पोट धरधरून हसलो.

पुस्तक तिथनं निघालं. माळढोक, मुंगूस आणि शेळी, असे तिघं मित्र. आपल्याकडच्या उघड्या माळावर राहणारे, आणि एकमेकांना दचकवल्याशिवाय ज्यांच्या घशाखाली घास उतरत नाही असे. एका पानावर गंमत रचायची, पान उलटलं की ती फुटायची. शेळी कडब्याच्या गंजीत शिरते आणि गंजी चालायला लागते, तेव्हा माळढोक पळतो तो थेट ओढ्यात. मुंगूस माळढोकाला हुरडा खायला बोलावतो, डोळे मिटून चोच उघड म्हणतो आणि चोचीत शेंगाची तिखट चटणी घालतो. झोपलेल्या शेळीच्या गळ्यात दोघं मिळून बैलाची घणघणती घाटी बांधतात, आणि ती उठून तो बैल शोधत सगळा माळ पालथा घालते. ते चित्र छापलं त्या दिवशी तुझ्या पेठेतली पोरं आपल्या दारात गर्दी करून उभी होती. एक पोरगी हसता हसता उंबऱ्यावरनं खाली पडली. तू तिला उचललंस आणि तिच्यापेक्षा जास्त हसलास.

आपली भांडणं मात्र रोजची. मी प्रत्येक चित्राखाली दोन ओळी लिहायचो आणि तू त्या खोडायचास.

"खाली लिवलं की पोरगं आधी ते वाचतंय. मग दचकणार कसं?"

"आणि ज्याला चित्रातलं कळलंच नाही, त्यानं काय करावं?"

"कळंल. येळ लागंल, पण कळंल."

"नाहीच कळलं तर?"

"मग ती चित्र काढणाऱ्याची चूक. बघणाऱ्याची न्हवं."

हे तुझे शब्द आहेत, व्यंकू. मी पदरचं काही घातलेलं नाही.

दुसरं भांडण शेवटच्या चित्राचं. मी म्हणायचो, शेवटी तिघांनी शपथ घ्यावी की आता खोड्या पुरे, म्हणजे आईबाप पुस्तक विकत घेतील. तू तोंड वाकडं करायचास. "शपथ घेतली की मित्र कसले राहिले ते, शाळामास्तर झाले." मग काय करायचं, म्हणून विचारलं की म्हणायचास, सोळावं माझ्यावर सोड. तुला सांगणार न्हाई. पहिला दचकणार तो तू. मी सोडलं तुझ्यावर. कुठल्या मुहूर्तावर सोडलं कुणास ठाऊक.

तुझं चांगलं सांगितलं नाही तर मी खोटा ठरेन, तेव्हा तेही सांगतो. माझी बायको पार्वती क्षयानं गेली त्यानंतर महिनाभर मी वर माडीवर पडून होतो. छापखाना बंद. तू रोज दुपारी येऊन कुलूप काढायचास आणि दगड घासत बसायचास. छापायला काही नव्हतं, घासायला कारण नव्हतं. वाळू आणि पाणी टाकून दगडावर दगड फिरवल्याची घरघर माझ्या खाटेपर्यंत यायची. तू एकदाही वर आला नाहीस, एकदाही समजूत घातली नाहीस, आणि त्या महिन्यात एकही चेष्टा केली नाहीस. शेवटी एक दिवस मी खाली उतरलो, तो तू चुकीचा घासतोयस म्हणून ओरडायला. तू बाजूला सरकलास आणि मला जागा करून दिलीस. त्या दुपारपासून मी पुन्हा कामाला लागलो. तू नसतास तर हा छापखाना उघडला नसता, आणि मीही उठलो नसतो. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं.

म्हणूनच डोक्यात तिडीक उठते. ज्यानं माझ्या वाईट दिवसांत मला एकटं सोडलं नाही, त्यानं स्वतःच्या वेळी मला दाराबाहेर ठेवलं.

पावसाळा सरता सरता तू खोकायला लागलास. मागावरची पूड छातीत गेली म्हणालास. अर्धी पेठ खोकते, मीही मानलं. दिवाळीत गाल बसले, तर म्हणालास, मुंगसं काढून काढून मुंगूस झालोय. मी हसलो. आणि दिवाळी होते न होते तोच सांगितलंस, करकंबला अक्काच्या पोरीचं लग्न आहे, बायकोला, राजव्वाला घेऊन जातो, महिना लागेल. शहाण्या, तुळशीचं लग्न लागायच्या आत कुणाच्या पोरीचं लग्न लागतं? मला तिथंच कळायला हवं होतं. मला एवढंच कळलं की हा थापा मारतोय आणि ऐन कामाच्या दिवसांत अंग काढून घेतोय.

"सोळावं काढून ठेवतो," म्हणालास. "तू बार्शीला जाऊन ये. आल्यावर दगड बघ."

बार्शीच्या तेलगिरणीची लेबलं पोचवायची होती, मी गेलो. तिसऱ्या दिवशी आलो. तुझ्या बैठकीसमोर दगड मांडलेला, वर धुतलेलं पांढरं कापड, चारी बाजूंनी नीट खोचलेलं. मी टोपीसुद्धा काढली नाही, आधी कापड ओढलं. दगड कोरा होता.

आपल्या छापखान्याचा रिवाज तुला पाठ होता. जो दगड राखायचा, त्याच्या कडेवर खडूनं फुली मारायची. माझ्या वडलांपासून चालत आलंय. फुली नसेल तो दगड कुणीही उचलावा, घासावा, नव्या कामाला घ्यावा. मी चारी कडा बघितल्या. फुली नव्हती.

मला काय वाटलं ते ऐक. वाटलं, यानं चित्र काढलंच नाही. कोरा दगड सजवून ठेवला आणि माझं तोंड कसं पडेल याची मजा घेत करकंबला निघून गेला. जत्रा दोन महिन्यांवर, गिरणीचा माणूस लेबलांसाठी रोज दारात, पार्वती नाही, घरात भाकरी करायला कुणी नाही, आणि एक हा जिवाभावाचा म्हणावा तर तो असा. माझं डोकं फिरलं. खरं सांगायचं तर दगडावर गोंदाची चकाकी होती, आणि कोऱ्या दगडाला कुणी गोंद लावत नाही. ती मी बघितली. अठरा वर्षं हा धंदा केलेला माणूस मी, ओलं फडकं मारून एकदा रूळ फिरवायला पाव घटका लागली नसती. नाही फिरवला. बाह्या वर केल्या, वाळू घेतली, पाणी घेतलं आणि स्वतःच्या हातानं तो दगड घासला. इतका जोर लावून मी आयुष्यात दगड घासला नव्हता. संध्याकाळच्या आत त्याच्यावर गिरणीचं हत्तीचं लेबल चढलं.

दहा-बारा दिवसांनी तुझं कार्ड आलं. "गोप्या, हसलास का? खरं सांग." बस, एवढंच. अक्षरं वेडीवाकडी, ओळ खाली घसरत गेलेली. तुझ्यासारख्या हाताची अशी अक्षरं बघून मला वाटलं, मुद्दाम काढली आहेत, वाकुल्या दाखवतोय. मी तिथल्या तिथं उत्तर लिहिलं. शब्द न् शब्द आठवतोय. "कोरा दगड ठेवून गेलास तो घासून मी हत्तीचं लेबल चढवलं. हसायला मला वेळ नाही. तुझ्या चेष्टा तुझ्यापाशी ठेव, पुस्तकही ठेव. परत माझ्या छापखान्याची पायरी चढू नकोस." पेटीत टाकून आलो आणि मला बरं वाटलं. त्या दिवशी खानावळीत दोन भाकरी जास्त खाल्ल्या. ते आठवलं की आता घास तोंडात फिरतो.

तुझं उत्तर आलं नाही. मी म्हटलं, रुसलाय, रुसू दे. मग मार्गशीर्षातल्या एका सकाळी तुझा धाकटा भाऊ दारात येऊन उभा राहिला आणि काही बोलेना. मी दोनदा विचारलं, काय रे. तिसऱ्यांदा विचारायची गरज पडली नाही.

परवा राजव्वा वहिनी करकंबहून परत आल्या, म्हणून तुझ्या घरी गेलो. मागावर अर्धं लुगडं तसंच आहे. तुझ्या पायांनी मागाखालच्या खड्ड्याची कड गुळगुळीत झालीय तिथं मी बसलो. वहिनींनी पाणी दिलं आणि समोर भिंतीला टेकून बसल्या. रडल्या नाहीत. पहिल्यांदा त्यांनीच विचारलं.

"अण्णा, चित्र बघितलं न्हाई न्हवं तुमी?"

"कुठलं चित्र?"

"दगडावरचं. जायच्या आधी दोन दिस तेच करत हुते. मी जेवण घिऊन आले तर मलाबी आत येऊ देईनात."

"वहिनी, दगड कोरा होता."

"दिसायला कोरा," त्या म्हणाल्या. "मला सांगितलं की त्यांनी. चित्र काढलं, गोंद लावला, तेजाब लावलं, वाळवलं, आन् मग त्या वासाच्या तेलानं वरची शाई पुसून काढली. म्हणाले, दगडानं चित्र पोटात घेतलंय, आता डोळ्याला दिसायचं न्हाई. गोप्या ओलं फडकं मारंल, शाई फिरवंल, आन् चित्र एकदम त्याच्या अंगावर येईल."

चरबी दगडात मुरलेली असते, वरची शाई पुसली तरी चित्र आत राहतं, रूळ फिरला की परत उठतं. हे तुला कुणी शिकवलं? मी शिकवलं, तू आलास त्या पहिल्या आठवड्यात. नऊ वर्षांनी तू तेच माझ्यावर फिरवलंस आणि मी, तुझा उस्ताद, बसलो वाळू घेऊन घासत.

एक फुली, व्यंकू. खडूची एक फुली मारायची होती. पण फुली दिसली असती तर मला कळलं असतं की दगडात काहीतरी आहे, आणि तुझी गंमत आधीच फुटली असती. म्हणून मारली नाहीस. चित्राखाली ओळ नको, दगडावर फुली नको, आजाराचं नाव नको. कुणाला काही आधी सांगायचंच नाही, हा काय माज म्हणायचा? आणि समोरचा माणूस नेहमी शहाण्यासारखाच वागेल, चिडणार नाही, दमलेला नसेल, हे तुला कुणी सांगितलं होतं?

"काय होतं चित्रात?" मी वहिनींना विचारलं.

"मला कुटं सांगितलं. गोप्या दाखवंल म्हणाले."

म्हणजे तुझ्या हातचं शेवटचं चित्र कुणीही बघितलेलं नाही. तूसुद्धा कागदावर सुलटं बघितलं नाहीस. ते दगडाच्या राडीबरोबर माझ्या मोरीतनं वाहून गेलं.

मग मी दुसरं विचारलं, जे विचारायला गेलो होतो. एवढं दुखणं असताना मला का कळवलं नाही.

"मी म्हणत हुते, कळवा. नको म्हणाले. गोप्यानं एकदा बघितलंय, पुन्यांदा नको त्याला."

हे ऐकलं आणि मला तुझ्या मागाला लाथ घालावीशी वाटली. तू कोण ठरवणारा? तुला मी विचारलं होतं का, की मला काय सोसेल आणि काय नाही? पार्वतीचं सगळं मी केलं होतं. खोकल्याची उबळ आली की पाठीला कुठं हात लावायचा, हे मला येत होतं. उशी किती उंच ठेवायची, गरम पाणी कधी द्यायचं, माणूस घाबरला की त्याच्याशी काय बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, सगळं येत होतं. या सोलापुरात तुझ्या उपयोगाचा माणूस कुणी होता तर तो मी होतो. आणि तू मला खोट्या लग्नाची थाप मारून इथं लेबलं छापत ठेवलंस. मला वाचवलंस असं वाटलं असेल तुला. मी वाचलो नाही. मी तुझ्याविषयी वाईट बोलत राहिलो, दीड महिना, भेटेल त्याच्यापाशी, आणि तू तिकडं मरत होतास.

आणि ते कार्ड. शेवटी म्हटलं, "वहिनी, माझं कार्ड त्यानं वाचलं?"

त्या उठल्या. कोनाड्यातल्या डब्यातनं कार्ड काढलं आणि हातात धरून पुन्हा बसल्या.

"टपालवाल्यानं दारातच वाचून दाखवलं मला. मला कुटं येतंय वाचाय. ऐकलं आन् पदराखाली घातलं. तवर आतनं हाक, गोप्याचं कार्ड आलं काय, काय म्हणतोय."

"मग?"

"मग काय. त्यांना उठून बसवत न्हवतं, डोळ्यापुढं अंधारी यायची. मीच कार्ड पुढं धरलं आन् वाचलं. म्हटलं, टपालवाल्यानं दोनदा वाचलंय, पाठ झालंय मला. हसून हसून पोट दुखलं, लवकर ये, असं लिवलंय."

मी खाली मान घातली.

"रोज वाचाय लावायचे," वहिनी सांगत राहिल्या. "सकाळी एकदा, दुपारी एकदा. एक दिस मी म्हटलं, शेजारपाजारची माणसंबी जमली चित्र बघायला. तर म्हणाले, काल हे न्हवतं की कार्डात. म्हटलं, काल बारीक अक्षर दिसलं न्हाई मला. लई हसले. खोकला येईस्तवर हसले."

तुला कळलं होतं का, व्यंकू? ज्या बाईला अक्षर वाचता येत नाही तिला बारीक अक्षर दिसलं नाही, यावर तू हसलास तो कशाला हसलास? तुला कळलं असेल तर तू हेही समजला असशील की खऱ्या कार्डात काहीतरी वाईट आहे, आणि ते माहीत असूनही रोज दोनदा खोटं ऐकून घेत होतास. आणि कळलं नसेल, तर तू मी हसलो असं समजून गेलास. यातलं कुठलं बरं, ते मला ठरवता येत नाही. दोन्हीचा राग येतो. रात्रंदिवस तेच डोक्यात चाललंय आणि सांगणारा तर तू एकटाच होतास.

वहिनींनी कार्ड माझ्यापुढं धरलं.

"त्यांना मी वाचून दाखवलं," म्हणाल्या. "आता तुमी मला वाचून दाखवा. तुमचंच अक्षर हाय."

मला कळेना, ही बाई मला शिक्षा करतेय की माझ्याकडं काही मागतेय. त्यांच्या तोंडावरनं काही समजत नव्हतं. मी कार्ड घेतलं, दाराच्या उजेडाकडं धरलं. ठळक, ठासून लिहिलेलं माझं अक्षर. कोरा दगड, हत्तीचं लेबल, पायरी चढू नकोस, सगळं जिथल्या तिथं. वहिनी गुडघ्यांना हात बांधून वाट बघत बसल्या होत्या.

मी वाचलं. "हसून हसून पोट दुखलं. शेजारपाजारची माणसं जमली चित्र बघायला. लवकर ये."

"व्हय," त्या म्हणाल्या. "असंच लिवलं हुतं."

पुस्तक मी पंधरा चित्रांचंच बांधायला दिलंय. दुसऱ्या कुणाकडनं सोळावं काढून घ्या असं दोघातिघांनी सुचवलं, त्यांना मी चहा न पाजता वाटेला लावलं. चित्रांखालच्या माझ्या ओळी सगळ्या काढून टाकल्या आहेत, खूश हो. आणि तुझ्या घरनं परत आलो त्या दिवशी दार आतनं लावून मी इथं बसलो. म्हटलं, वहिनींनी तुला जे वाचून दाखवलं ते निदान मागाहून तरी खरं करावं. दगडावर चित्र उठलंय, माळढोक दचकलाय, असं डोळ्यापुढं आणलं आणि हसून बघितलं. दोनदा बघितलं, काल पुन्हा बघितलं. तू जे हसणं ऐकून गेलास ते मला अजून आलेलं नाही.